सतरा नंबरच्या अडतीस दुपारी

जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी चुकांवर इतकं मनापासून प्रेम करणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. कुठलाही शिक्षक मुलाची वही उघडतो, बरोबर उत्तरांवर खूण करतो, चुकीवर फुली मारतो आणि पान उलटतो. आमचे यंत्रवाले सर बरोबर उत्तराकडे ढुंकूनही बघत नसत. चूक दिसली की मात्र खुर्ची पुढे ओढायची, चष्मा कपाळावर सारायचा आणि शेजारच्या घरी बारसं ठरल्यासारख्या आवाजात म्हणायचं, "वा, ही नवीन आहे." मग खांद्यावरच्या पिशवीतून एक जाडजूड वही निघे आणि तीत ती चूक उतरवली जाई. एकदा मी ती वही चोरून वाचली. "सातवी, मागून दुसरा बाक. वजाबाकीत हातचा घेतो, परत करत नाही. घरीही असंच असावं." "पाचवी, खिडकीजवळ. शून्याला घाबरते. शून्य आलं की खोडरबर शोधते." अशा शेकडो नोंदी होत्या आणि एकीतही मुलाचं नाव नव्हतं. नावं का नाहीत विचारलं तर म्हणाले, "चूक माझ्याजवळ ठेवायला दिलेली असते, सर. नाव कशाला लिहायचं?"

या माणसाला आमच्या संस्थेने खोट्या नोंदी केल्याचा शेरा मारून काढून टाकलं. त्या शेऱ्याला आधार म्हणून जो जबाब जोडला होता, तो माझा. त्याखालची सही माझी आहे आणि त्यातला मजकूर खोटा आहे. सही करताना तो खोटा आहे हे मला माहीत होतं. आता मी सत्तरी ओलांडली आहे, आणि ज्यांच्यासमोर ही सही झाली त्यांच्यातले निम्मे लोक उरलेले नाहीत. जे झालं ते मी लिहिणारच आहे. पण आधी तो माणूस कसा होता हे सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही.

सर मूळचे धुळ्याचे. जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात एक खोली घेऊन एकटे राहायचे आणि एका करड्या स्कूटरवरून आमच्या सहा शाळा फिरायचे. त्यातली शेवटची शाळा चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांच्या मधोमध. तिथे मी मुख्याध्यापक होतो. सरांच्या नेमणुकीच्या पत्रावर 'शैक्षणिक तंत्रज्ञ' असं लिहिलेलं होतं आणि याचा अर्थ ते पत्र देणाऱ्या नानांनाही, म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनाही, नीटसा ठाऊक नव्हता. ज्या वस्तूला वायर आहे ती या माणसाची, एवढंच सगळ्यांनी धरलं होतं. कोणी पंखा दाखवायचं, कोणी शाळेची घंटा. नानांनी तर पहिल्याच आठवड्यात घरचा मिक्सर पाठवला. दोन दिवसांनी मिक्सर परत गेला आणि त्याच्यासोबत एक कागद गेला. कागदावर तीन चित्रं होती आणि प्रत्येक चित्राखाली एक ओळ. सरांनी मला सांगितलं, "मिक्सर बिघडलाच नव्हता हो. झाकण कुठल्या बाजूने बसतं हे त्या माउलीला कोणी शिकवलं नव्हतं. सगळे नुसते म्हणत होते, नीट लाव." तो मिक्सर पुढे कधी बिघडला नाही आणि तो कागद नानांच्या स्वयंपाकघरात देवाच्या फोटोशेजारी लागला. सर मात्र मिक्सर दुरुस्त करणारे म्हणूनच प्रसिद्ध झाले.

त्यांच्या खऱ्या कामासाठी संस्थेने एक कपाटभर टॅबलेट आणून ठेवले होते. उद्घाटनाचा हार कपाटाच्या कडीला वाळून काटक्यांसारखा लटकत होता. सर आले आणि त्यांनी दीड महिना ते कपाट उघडलंच नाही. रोज कुठल्या तरी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचे. गुडघे बाकाखाली मावत नसत म्हणून तिरके बसायचे. नाना एकदा जळगावहून मुद्दाम आले आणि वर्गाच्या दारातूनच म्हणाले, "काय हो, यंत्रं कधी चालू करणार?"

"अजून पोरं बघतोय, नाना."

"पोरं काय बघायची? पोरं फुकट येतात. यंत्रं महागाची आहेत."

"म्हणूनच. पोरगं नेमकं कुठे अडतं ते कळल्याशिवाय यंत्र हातात दिलं, तर ते यंत्र घेऊन तिथेच अडेल."

नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस हुशार आहे की डोक्याने गेलेला आहे, एवढं बघून मला कळवा." ते मला अखेरपर्यंत कळवता आलं नाही. कारण या माणसाच्या काही सवयी अशा होत्या की अंगावर काटा यावा.

एक म्हणजे ते रिकाम्या वर्गांचा आवाज गोळा करायचे. मुलं घरी गेली की हातात माइक घेऊन रिकाम्या वर्गात मधोमध उभे राहायचे, डोळे मिटून, दोन-तीन मिनिटं, हलायचं नाही. मग खिशातल्या चिठ्ठीवर लिहायचं, 'पाचवी, शांतता, खिडक्या उघड्या.' 'सहावी, शांतता, वारा पश्चिमेचा.' आमचा शिपाई, ज्याला सगळे आबा म्हणत, हे बघून हादरला होता. मला म्हणाला, "सर, हाऊ माणूस रिकामा वर्गमा कोनले तरी धरी राह्यना." मी सरांना विचारलं. त्यांनी अगदी व्यवहारी उत्तर दिलं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. ध्वनिमुद्रित धड्यात दोन वाक्यांच्या मध्ये जागा सोडायची असेल तर तिथे त्याच खोलीतली शांतता भरावी लागते. कोरी जागा सोडली तर ऐकणाऱ्याला वाटतं, बोलणारं माणूस मधेच नाहीसं झालं. एवढं सांगून त्यांनी माझ्या कानांना इयरफोन लावले. "ऐका, ही परवाची पाचवी." मी ऐकलं. काहीच नव्हतं. मग त्या काहीच नसण्यात केळीच्या पानांची सळसळ ऐकू आली, आणि तिच्या मागे अगदी हळू कोणीतरी श्वास घेत होतं. मी इयरफोन काढून टाकले. सर शांतपणे म्हणाले, "तो तुमचाच आहे. तुम्ही दारात उभे होतात." तरीही त्या दिवसापासून पाचवीच्या वर्गात एकटं जाताना मी पाय वाजवत जायला लागलो.

धडे चित्रित करण्यासाठी त्यांनी चोपड्याच्या एका सुतारचाचांकडून माणूस उभा राहील एवढी लाकडी खोपटी करून घेतली आणि तिला आतून जुन्या गोधड्या ठोकल्या. तीत बोललेला शब्द भिंतीला लागून परत येत नसे, तोंडातून निघाला की संपला. चाचा स्वतः आत जाऊन आले आणि दाढी कुरवाळत म्हणाले, "साहब, बनाने को बनाया. पर इसके अंदर आदमी जिंदा है के नहीं, उसको खुद पता नहीं चलता." शिक्षकांपैकी कोणी आत जायला तयार होईना. शेवटी जी पहिली गेली ती माझी पत्नी.

ती आमच्याच शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवायची. शाळेत सगळ्यांसाठी बाई, आणि शाळेच्या वेळात माझ्यासाठीही बाईच. तिची आणि सरांची पहिल्या दिवसापासून जुंपली. ती झपाट्याने शिकवणारी. प्रश्न विचारायची आणि समोरून उत्तर येण्याआधी स्वतःच देऊन टाकायची. सर म्हणायचे, "बाई, प्रश्न विचारल्यावर थांबा."

"थांबले की."

"दोन सेकंद थांबलात. पाचवीतल्या सगळ्यात सावकाश मुलीला अकरा लागतात. मी मोजलेत."

"अकरा सेकंद कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघत काय करू? भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

"भिंतीच्या पलीकडे ती बसलेली आहे, बाई. तिला उत्तर अजून आलेलं नाही. तिच्याकडे बघा. रागावू नका, मदतही करू नका. नुसतं बघा."

हे तिला जमायला आठवडा लागला. जमलं तेव्हा ते पाहून मीच गडबडलो. अकरा सेकंद किती लांब असतात ते एकदा मोजून बघावं. पडद्यावरून ती तुमच्याकडे बघते, पापणी हलते, श्वास घेते, आणि वाट बघते. सरांची करामत पुढेच होती. मुलाने उत्तर चुकवलं तर यंत्र लाल फुली दाखवत नसे. जी चूक झाली असेल त्या चुकीची बाई येई. दोन-पंचमांश अधिक एक-पंचमांश, ही बेरीज घ्या. कोणी 'तीन' म्हटलं तर वेगळी बाई, 'एक-पंचमांश' म्हटलं तर वेगळी, खालचे आकडेही मिळवून 'तीन-दशांश' म्हटलं तर आणखी वेगळी. प्रत्येक बाई भाकरीचे तुकडे निराळ्या रीतीने मांडून दाखवी, पण सगळ्यांची सुरुवात एकच. ती वाक्यं सरांनी लिहिली नव्हती, ती तिचीच होती. "असू दे. परत बघू. घाई नाही आपल्याला." आयुष्यभर घाई केलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकून मला हसू यायचं. असे चाळीसेक धडे त्या दोघांनी केले. सहाही शाळांतल्या मुलांना ती त्या पडद्यावर भेटायला लागली.

त्या पावसाळ्यात, पोळ्याच्या सुमाराला, तिला ताप आला. शाळेची तपासणी होती. ती म्हणाली, चोपड्याला डॉक्टरकडे जाऊन येऊ. मी म्हणालो, तपासणी होऊ दे, उद्या जाऊ. उद्या गेलो. परवा ती नव्हती.

सर भेटायला आले, तासभर बसले. निघताना उंबऱ्यावर थांबून विचारलं, "सर, बाईंचे धडे चालू ठेवू की काढून ठेवू? तुम्ही सांगाल तसं." मी म्हणालो, चालू ठेवा. मुख्याध्यापकाने द्यावं तसं उत्तर मी दिलं. पुढच्या सोमवारी पाचवीच्या मुलांनी टॅबलेट उघडले. पडद्यावर ती आली, तेव्हा सगळा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात म्हणाला, "नमस्ते बाई." धड्याच्या सुरुवातीला ती हसून "बसा" म्हणते. मुलं बसली. मी दारात होतो. आबा माझ्या मागे होता, तो तिथून जो निघाला तो थेट नळावर जाऊन तोंड धूत बसला. डोंगराकडच्या शाळांतल्या मुलांनी तिला प्रत्यक्ष कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. त्यांच्यासाठी ती होतीच. एका मुलाने तर सरांना विचारलं की बाई रोज तीच साडी का नेसतात.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, आणि जूनमध्ये शाळा उघडताच आबाने गावभर एक गोष्ट केली. मे महिन्याच्या भर दुपारी, लू म्हणजे उन्हाचा झळाळता वारा चालू असताना, तो शाळेवरून जात होता. पुढच्या दाराला कुलूप होतं. "मी खोटं नई बोलस," तो शपथेवर सांगायचा, "कुलूप शे, खिडक्या बठ्ठ्या बंद शेत, अन् मझार बाई शिकवी राह्यनी. शिकवस, मंग गप्प व्हस. कोनी तरी बोलस. मंग बाई म्हनस, असू दे." बंद शाळेच्या आतून बाईंचा आवाज ऐकल्यापासून तो त्या बाजूला फिरकला नव्हता. लोक हसले. पण त्याच आठवड्यात यंत्रवाले सर सहाही शाळांच्या टॅबलेटमधल्या नोंदी गोळा करून नानांच्या बैठकीत घेऊन गेले आणि हसणं बंद झालं. कुठल्या विद्यार्थ्याने कुठला धडा कधी उघडला, काय उत्तर दिलं, किती वेळ लावला, हे सगळं यंत्रात राहतं. आमच्या शाळेच्या कागदावर सुट्टीतल्या अडतीस दुपारी उमटल्या होत्या. रोज दोनच्या पुढे. रोज अपूर्णांकांचा तोच धडा. रोज हजेरी क्रमांक सतरा. आणि रोज तेच उत्तर, तीन-दशांश. सतरा नंबरची मुलगी दिवाळीनंतरच आईवडिलांबरोबर कामासाठी गुजरातकडे गेलेली होती.

ते मी होतो.

सुट्टीत टॅबलेट आठवड्यातून एकदा चार्ज करा, नाहीतर बॅटऱ्या मरतात, असं सरांनी मला बजावलं होतं. तेवढ्यासाठी मी पहिल्यांदा गेलो. कोणी बघून चौकशी करू नये म्हणून मागच्या सामानाच्या खोलीच्या दाराने गेलो. बाहेर ऊन असं की केळीची पानं शिजल्यासारखी खाली पडलेली, मैदानात धुळीची एक भिंगरी उठायची आणि शाळेच्या दारापर्यंत येऊन विरायची. घरी माणूस नव्हतं. मी एक टॅबलेट उघडला. त्याने नंबर विचारला, मी सतरा दाबला, कारण ती मुलगी येणार नव्हती. पडद्यावर ती आली. "बसा" म्हणाली. मी बसलो. तिने बेरीज विचारली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी उत्तर चुकवलं. बरोबर दिलं असतं तर ती "छान" म्हणून पुढे गेली असती.

तिन्ही चुका करून बघितल्या. तीन-दशांशच्या बाईमध्ये मला जे हवं होतं ते सापडलं. तो तुकडा चित्रित होत असताना मी चहा घेऊन खोपटीच्या दारात गेलो होतो. बोलता बोलता तिने क्षणभर बाजूला, दाराकडे पाहिलं, आणि परत भाकरीकडे वळली. दुसऱ्या कोणी ते कापून टाकलं असतं. सरांनी ठेवलं होतं. त्या एका नजरेसाठी मी रोज तीन-दशांश म्हणत होतो.

आणि मी तिच्याशी बोलायला लागलो होतो, त्या अकरा सेकंदांत. आधी साधंच काहीतरी, मीठ कुठल्या डब्यात ठेवलंस वगैरे. एका दुपारी मी म्हणालो, "तुला एक दिवस आधी न्यायला हवं होतं मी." ती माझ्याकडे बघत राहिली. पापणी हलली. तिने श्वास घेतला. माझं बोट आपोआप चुकीच्या उत्तरावर गेलं आणि ती म्हणाली, "असू दे. परत बघू. घाई नाही आपल्याला." मला ठाऊक होतं की मागे गोधड्या ठोकलेल्या आहेत, समोर भिंग आहे, आणि हे कोणालाही असंच म्हटलं जातं. तरी माझ्या हातातून टॅबलेट खाली पडला. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो.

बैठकीत नानांनी तो कागद टेबलावर आपटला. एक सदस्य म्हणाले, पूजा घालून घ्या. दुसरे म्हणाले, पूजा कसली, वापर जास्त दिसावा म्हणून याच माणसाने घरी बसून आकडे भरलेत. हे सगळ्यांना पटलं, कारण भुतापेक्षा लबाडी जास्त ओळखीची होती. सर कागद हातात घेऊन उभे होते. मी त्यांचं बोट पाहत होतो. ते उत्तरांच्या रकान्यावरून सावकाश खाली गेलं, मग वेळेच्या रकान्यावरून. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सारला. तोंडातून "वा" मात्र निघालं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"नोंद खरी आहे, नाना," ते म्हणाले.

"मग कोण आहे ते सांगा."

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"विद्यार्थी ओळखू आला मला."

"शाळेला कुलूप, मुलगी गुजरातेत, आणि यांना विद्यार्थी ओळखू येतो," नाना सगळ्यांकडे बघत म्हणाले. चार दिवसांनी पुन्हा बैठक ठरली. त्या बैठकीत यंत्र उघडलं तर सतरा नंबरच्या अडतीस नोंदी यंत्रातून गेलेल्या. कोणी पुसल्या विचारलं तर सर म्हणाले, "मी." झालं, आणखी काय हवं होतं. फक्त कागदोपत्री एक जबाब कमी होता. नानांनी मजकूर सांगितला आणि मी माझ्या हाताने लिहिला: सुट्टीत शाळा बंद होती, किल्ल्या माझ्या ताब्यात होत्या, शाळेत कोणीही गेलेलं नाही. खाली सही केली. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला मुख्याध्यापक दुपारी बंद शाळेत बसून मेलेल्या बायकोला चुकीची उत्तरं देतो, हे त्या टेबलावर मला सांगता आलं नाही. सर माझ्या समोरच बसले होते. बाहेर पडल्यावर स्कूटरला किक मारता मारता ते एवढंच म्हणाले, "पावसाळ्यातही टॅबलेट आठवड्यातून एकदा चार्ज करत जा, सर. विसरू नका."

त्यानंतर मी बाईचा धडा कधी उघडला नाही. निवृत्त झालो, मुलाकडे जळगावला राहायला आलो. गेल्या वर्षी सगळं खरं लिहून संस्थेला पाठवलं. नाना आता नाहीत. कार्यालयाने कळवलं की ती फाइल सापडत नाही, तरी विषय बंद समजावा. म्हणून त्या पत्राची प्रत खिशात घालून मागच्या महिन्यात मी धुळ्याला गेलो.

जुन्या पेठेत एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो शेरा लागल्यावर कुठल्याही शाळेने त्यांना दारात उभं केलं नाही. केस पांढरे झालेत. मला बघून त्यांनी स्टूल पुसून दिलं आणि म्हणाले, "शेवटी यंत्रच दुरुस्त करायला लागलो, बघा. नानांचं म्हणणं खरं ठरलं." मी पत्र दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि कानावरची पेन्सिल काढली.

"सर, तुमची कबुली तिसऱ्या पानावर येते. तोवर वाचणारा उठून जाईल. आधी तेच सांगा."

मी म्हणालो, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"मुलं तीन-दशांश म्हणतात. पण चार दिवस म्हणतात. पाचव्या दिवशी एकतर सुधारतात नाहीतर कंटाळतात. अडतीस दिवस न कंटाळणारं मूल नसतं. आणि बाईंचं बोलून झाल्यावर पुढचं बटण दाबायला तुम्ही पाच-पाच मिनिटं लावत होतात." त्यांनी पेन्सिल परत कानावर खोचली. "ती नजर ठेवली ती चूक झाली का माझी, असं वाटत राहिलं पुढे."

"नाही," मी म्हणालो. "पण तुम्ही नोंदी का पुसल्यात? वेळा होत्या त्यात. जरा चौकशी झाली असती तर तुम्ही सुटला असतात."

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "अहो, ती पोरगी परत आली होती ना. पहिल्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, आईबरोबर. यंत्र मागच्या चुका बघून पुढचा धडा देतं. तुमच्या अडतीस चुका तिच्या नावावर होत्या. तिला महिनाभर एकच भाकरी कापत बसवलं असतं त्याने. चांगली होती हो ती गणितात. तुम्हाला आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं. मी मुख्याध्यापक होतो, आणि त्या जूनमध्ये सतरा नंबर वर्गात येऊन बसला होता हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्यांची एकट्यांचीच माफी मागत होतो. मी म्हणालो, "मला हे छापायचं आहे. सगळं. माझ्या नावाने." ते म्हणाले, "छापा. त्या मुलीचं नाव मात्र घालू नका." तेवढं मी पाळलं आहे.

इतक्यात एक म्हातारी अक्का मोबाइल घेऊन आली. मुलगा सुरतेला आहे, त्याचा फोन येतो, पण तोंड दिसत नाही म्हणाली. सरांनी मोबाइल हातात घेतला नाही. काउंटरवर ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "अक्का, तू कशी करस ते दखाड." तिने एक बटण दाबलं, ते चुकलं. दुसरं दाबलं, तेही चुकलं. तिने ओशाळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मदत केली नाही, घाईही केली नाही, नुसतं त्या बोटाकडे बघत राहिले. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. तिचं बोट पडद्यावर सावकाश फिरत होतं.

माझी जळगावची बस चारची होती. ती मी जाऊ दिली.